दहाला निघाली, दहाला पोचली

वासिल्का पेत्कोवा सोफियाच्या रेल्वे स्टेशनात बत्तीस वर्षं चौकशीच्या खिडकीमागे बसली. कुठली गाडी कधी सुटते, कुठे किती तासांत पोचते, सगळं तिला तोंडपाठ. तेच पुन्हा विचारणाऱ्याला ती अशी झापायची की तो गाडी चुकली तरी खिडकीकडे फिरकत नसे. निवृत्तीनंतरही खोड गेली नाही. शेजारीण भाजी आणायला निघाली तरी हिचा प्रश्न ठरलेला, "परत किती वाजता?"

तिचं चालत नसे ते फक्त प्लामेनपुढे. हा तिचा एकुलता एक मुलगा, बारा वर्षं शेजारच्या देशात, बेलग्रेडमध्ये नोकरीला. येत्या रविवारी तिची सत्तरी होती, तरी फोनवर त्याची रड तीच.

"लांब पडतं गं आई. अख्खा दिवस प्रवासातच जातो."

फोन ठेवल्यावर वासिल्काला रडू आलं. मग रडू आल्याचाच राग आला. तिने शेजारच्या दोन्काला हाक मारली. "तुझ्या मोबाइलला विचार गं, बेलग्रेड किती लांब ते."

"सव्वातीनशे किलोमीटर. विमानाला एक तास." दोन्काने चष्मा वर सरकवला. "आणि तिथलं घड्याळ एक तास मागे. म्हणजे बघ, दहाला निघालं की दहालाच पोचायचं!"

"चल, काहीतरीच! अशी गाडी मी जन्मात पाहिली नाही."

पण ते दहा तिच्या डोक्यातून जाईनात. दुसऱ्याच दिवशी जाऊन तिने तिकिटं काढली. किती काढली, याबद्दल मात्र दोन्काला ताकास तूर लागू दिली नाही.

शनिवारी चीज भरलेली गरमागरम बानित्सा भांड्यासकट फडक्यात बांधून ती निघाली. वाट पाण्यासारखी सुरळीत जावी म्हणून दोन्काने रिवाजाप्रमाणे तिच्यामागे पायरीवर तांब्याभर पाणी ओतलं. विमान सुटलं दहाला. उतरल्यावर वासिल्काने भिंतीवरचं घड्याळ दोनदा पाहिलं आणि फोन लावला.

"प्लामेन, किती वाजले?"

"दहा. का गं?"

"मी दहाच्या विमानाने निघाले."

"आत्ता? कुठे?"

"तुझ्याकडे. पोचलेसुद्धा! बानित्सा निवतेय, लवकर ये."

घरी त्याने उभ्याउभ्याच अर्धी बानित्सा फस्त केली. तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "तुझं बरं आहे. मी तिकडे निघालो तर घड्याळात दोन तास जातात."

"हिशेब बरे जमतात रे तुला. यायचं तेवढं जमत नाही." वासिल्का गमतीत बोलायला गेली, पण शब्द टोचरेच निघाले.

त्याच दिवशी परतीचं दोनचं विमान होतं. ती उंबरठ्याबाहेर पडली, तसा तिच्यामागे ओतायला तो ग्लासभर पाणी घेऊन आला. वासिल्का मागे वळली, ग्लास त्याच्या हातातून काढून घेतला आणि घटाघटा पिऊन टाकला.

"आई! ते ओतायचं होतं!"

"माहितीये. बारा वर्षं तुझ्यामागे तांब्यावर तांबे ओतलेत मी. असा वाहून गेलास की वळून बघायचं नाव नाही! आता मलाही तसंच वाहवून एकटीला पाठवतोस?" तिने पिशवीतून परतीची दोन तिकिटं काढली. एकावर त्याचं नाव होतं.

दोनला निघालेले ते चारला उतरले. घराच्या दारात दोन्का वाटच बघत होती.

"काय गं, जाताना दहाचे दहा, आणि येताना दोनाचे चार?"

"ओझं होतं ना," वासिल्का म्हणाली, आणि रिकामं भांडं घेऊन धापा टाकत जिना चढणाऱ्या लेकाकडे तिने बोट दाखवलं.