बकरीनं केलेली छाटणी

आज माझ्या वेलीचा पहिला घोस तोडला आणि त्या वासानं हिंदी मुलखातलं, बरखेड्याचं आमचं लहानपणीचं क्वार्टर आठवलं. बाबांनी नाशिकहून आणलेल्या संकरित द्राक्षवेलीला तीन वर्षं फळ नव्हतं, तरी ते कात्री लावू देत नसत. बॅडमिंटनच्या आड येते म्हणून हिवाळ्यात मीच ती पार आखूड कापली आणि आळ शेजारच्या चाचींच्या बकरीवर घातला. बाबांनी चाचींशी बोलणंच सोडलं.

उन्हाळ्यात त्या छाटणीमुळेच वेल घोसांनी लगडली. बाबा परात भरून चाचींच्या दारात गेले. "भाभी, आपकी बकरी तो माली निकली."

आजचा घोस घेऊन, आता माझ्याच शहरात राहणाऱ्या त्या चाचींकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं.

"बकरी इतना सीधा काटती है क्या, बेटा? तभी समझ गई थी," त्या म्हणाल्या आणि एक द्राक्ष तोंडात टाकलं. "ये उनसे भी मीठे हैं."