गाय शून्य
मी बालवर्गातली मदतनीस. नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, कुणी भोकाड पसरलं की कडेवर घ्यायचं, ही माझी नोकरी. पोरं मला मावशी म्हणतात. बाईही मावशीच म्हणतात, काम सांगायचं असलं की जरा जास्तच गोड आवाजात.

शाळेमागच्या रस्त्याने दहा मिनिटं चाललं की आबांचं शेत. शेत कसलं, तुकडाच तो. दोन शेळ्या, पाच कोंबड्या, भाजीचे वाफे आणि एक गाय. 'शेत' हा विषय आला की दरवर्षी मोठ्या गटाची मुलं तिथे न्यायची. आबांच्या बायकोने त्यांच्यासाठी फळ्यांच्या तुकड्यांवर पांढऱ्या रंगाने ठसठशीत अक्षरं काढून ठेवली होती: शेळी, कोंबडी, विहीर, गाय. मुलांनी पाटी वाचायची, मोजायचं आणि कागदावर आकडा लिहायचा. ओट्यावरच्या दोन खुर्च्यांनाही तिने पाट्या अडकवल्या होत्या, एक 'आबा' आणि एक 'आजी'. भारी थट्टेखोर बाई. गेल्या वर्षी मुलं येऊन गेली आणि महिन्याभरात ती गेली.

आबा आधीपासूनच तिरसट. शेजाऱ्यांशी पटत नाही, मुलगी परगावी. तिचा रविवारी फोन येतो, तर 'बरं आहे' म्हणतात आणि ठेवून देतात. तरी मी घरी जाताना हा माणूस कुंपणाशी उभाच. दोन शब्द बोलायला कुणी नसलं की घर खायला उठतं, मला का ते ठाऊक नाही? पोरं कधी येणार, हे त्यांनी मला तीन महिने आधीपासून विचारायला सुरुवात केली होती.

थंडीत त्यांचे गुडघे गेले. गाय झेपेना, म्हणून देऊन टाकली. "बाईंना सांगू नका, मावशी," म्हणाले. कारण मलाही माहीत होतं. गावाबाहेर एक मोठं शेत निघालंय, तिथे ट्रॅक्टरवर बसवतात, घोडासुद्धा आहे. आबांकडे गाय आहे म्हणून जायचं, नाहीतर तिकडेच नेऊ, असं बाईंनी ठरवलं होतं. एकदा तिकडची सवय लागली की आबांच्या दारात कोण जातंय! बाईंनी मला विचारलं, गाय आहे ना हो? उचलली जीभ लावली टाळ्याला, मी म्हटलं, आहे. सहल आठवड्यावर आली होती.

त्याच आठवड्यात वर्गात शून्य चाललं होतं. बाई म्हणाल्या, आपल्या वर्गात वाघ किती? शून्य. पोरांना काही पटेना. एकाने डब्यावरचा वाघ दाखवला. चिमणी म्हणून एक चिटुकली आहे, भारी हट्टी. ती म्हणाली, वाघ इथे राहतच नाही, मग त्याला मोजायचं कशाला? बाईंनी पेन्सिली लपवून पाहिल्या, मणी लपवून पाहिले. चिमणी आपली मान हलवत राहिली. बाई रडकुंडीला आल्या.

तर अशी आमची वरात शेतावर गेली. आबांनी दाढी केली होती, अंगण झाडलं होतं, शर्टाची घडीही मोडलेली नव्हती. शेळ्या दोन झाल्या, कोंबड्या पाच झाल्या. मग चिमणी गोठ्यापाशी थांबली. खुंटी होती, दावं होतं, गव्हाण होती, वर पाटी होती. तिने वाचलं, "गा-य." आत वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाली,

"बाई, इथे शून्य आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कोंबड्यांकडे पाहिलं. आबांचा चेहरा असा उतरला की मला माझीच लाज वाटली. पण बाई रागावल्या नाहीत. गुडघ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, कुठे, दाखव बघू. अठरा पोरं त्या रिकाम्या गोठ्यात डोकी घालून बघत राहिली. सगळ्यांना शून्य समजलं.

मग त्यांना नादच लागला. जो तो शून्य शोधत सुटला. चिमणी ओट्यावर चढली. "आ-बा," तिने वाचलं, आबांकडे बोट केलं आणि एक लिहिला. पुढे वाचलं, "आ-जी." खुर्चीकडे पाहिलं, दारातून आत पाहिलं.

"आजी कुठे आहे?"

"नाही," आबा म्हणाले.

तिने जीभ बाहेर काढून मन लावून शून्य काढलं आणि कागद त्यांच्यापुढे धरला. बरोबर आहे का, विचारलं. आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "गोल छान काढलास."

निघताना बाई एवढंच म्हणाल्या, पुढच्या वर्षी येतो. वाटेत मात्र त्या मला मागे टाकून पोरांबरोबर पुढे चालत राहिल्या. माझी तेवढी लायकी होतीच.

शाळा सुटल्यावर घरी जाताना मी कुंपणाशी थांबले. आबा आपल्या खुर्चीत होते. बसा म्हणाले, मी पायरीवर बसले. त्या शनिवारी गोठा पाडायला माणूस येणार होता, लाकूड कुंपणाला लागणार होतं. मी विचारलं, माणूस किती वाजता येतोय?

"नको म्हणून सांगितलं त्याला," आबा म्हणाले. "पुढच्या वर्षीच्या पोरांना शून्य लागेल ना."

मी म्हटलं, हो, लागेल.