दाराबाहेरच्या चपला

खोली बघायला येणारी माणसं पाण्याची वेळ विचारतात, गाडी कुठं लावायची ते विचारतात. ती मुलगी कराडजवळ मलकापुरात आमच्या माडीवरची खोली बघायला आली तेव्हा तिने एवढंच विचारलं, "मावशी, मागे दार आहे?"

मी म्हटलं, "आहे की. पण मागं शेजाऱ्यांचा गोठा आहे. म्हशी बघायच्यात का?" ती हसली नाही. मागच्या जिन्याने उतरली, गोठ्याच्या कडेने थेट रस्त्यापर्यंत जाऊन आली आणि खोली घेते म्हणाली.

ती कराडच्या एका दवाखान्यात नर्स होती. दूरच्या डोंगराळ मुलखातली, आमच्यासारखीच ख्रिस्ती. तिच्या गावात काय झालं ते तिने मला भाजी निवडता निवडता, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. उपासना चालू असताना बाहेरून जमाव आला. आधी देऊळ पेटवलं, मग घरं. (चर्चला आमच्यात देऊळच म्हणतात.) वडील त्यात गेले. ती आणि आई मागच्या दाराने जंगलात पळाल्या, त्याही अनवाणी, कारण चपला पुढच्या दाराशी राहिल्या होत्या. आई अजून तिकडेच होती, छावणीतल्या पत्र्याच्या खोलीत. तिला इकडे आणायचं मुलीच्या मनात होतं, पण धीर होत नव्हता. "इथे पण कोण सांगेल, मावशी? आईचे गुडघे गेले. दुसऱ्या वेळी तिला पळता येणार नाही." मी मेथी निवडत राहायची.

आता आमचे दाजी. थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान, सांगलीला असतात, बँकेतून निवृत्त झालेत. मनाचे चांगले, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या वर्षी त्यांचा छळ सुरू झाला होता. म्हणजे असं, की त्यांनी नाताळची चांदणी महिनाभर आधीच सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पाइपाला बांधली, पाइप गळायला लागला आणि सेक्रेटरीने चांदणी दुसरीकडे लावा म्हणून सांगितलं. झालं! दाजींनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले. त्यात अमेरिकेतल्या चिरंजीवांनी तेल ओतलं. तिकडे म्हणे दुकानातली माणसं हल्ली नाताळच्या शुभेच्छा देत नाहीत, नुसत्या सुट्टीच्या देतात. "तिथंही तेच, इथंही तेच. आपला छळ चाललाय!" असं दाजी आरामखुर्चीत बसून, मटणाचं जेवण पचवत सांगायचे.

आपल्याकडे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. घरात प्रार्थनेला चार माणसं बोलावली म्हणून चौकशीला सामोरं जावं लागलेले लोक माझ्या ओळखीत आहेत, आणि तेव्हा त्यांची झोप उडाली होती. पण गळक्या पाइपाला तोच शब्द लावला, की खरोखर होरपळलेल्या माणसानं कुठला शब्द वापरायचा? मला दाजींचा राग यायचा. आक्काकडे बघून मी गप्प बसायची, हे माझ्या स्वभावाला धरून नव्हतं.

कडेगावकडच्या आमच्या माहेरच्या गावात कापणीचा सण असतो. ज्याच्या रानात जे पिकलं ते त्यानं देवळात आणून ठेवायचं. ज्वारी, भोपळे, एखादी कोंबडीसुद्धा. मी त्या मुलीला म्हटलं, "चल. आईला आणायचं तर इकडची गावं, माणसं तरी बघ." ती तयार झाली. मला फार बरं वाटलं.

देवळाच्या दारातच दाजी आणि आक्का भेटले. आमच्या देवळात चपला बाहेर काढून सतरंजीवर बसतात. ही तशीच आत निघाली.

"चप्पल बाहेर, पोरी," दाजी म्हणाले. "आपल्यात रीत आहे तशी."

तिने चपला काढल्या, पण दाराशी ठेवल्या नाहीत. पिशवीत घातल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन मागच्या दाराजवळ बसली. दाजींनी नापसंतीने मान हलवली. मी त्यांना डोळ्यांनीच दटावलं, पण ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

पेटी-तबल्यावर भजनं झाली. मग उपदेश आटोपून पाळकसाहेबांनी सांगलीचे पाहुणे म्हणून दाजींना दोन शब्द बोलायला सांगितलं. दाजी उभे राहिले, घसा खाकरला आणि सुरू झाले, "बंधुभगिनींनो, आज चहूकडून आपला छळ..."

तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टर येऊन थांबला. माणसांचा गलका झाला, कुणीतरी मोठ्यानं हाळी दिली. खिडकीतून दिसलं, दहा-बारा गडी देवळाकडे येत होते आणि सगळ्यांच्या हातात कोयते होते.

मला त्यात काही वाटलं नाही. ऊसतोडीच्या दिवसांत आमच्याकडे कोयता म्हणजे हाताचं सहावं बोट. पण मागे धडपड ऐकू आली म्हणून वळून बघते, तर त्या मुलीने चपला पायांत घातल्या होत्या, जवळची दोन लहान पोरं एका हाताने पोटाशी धरली होती आणि ती मागच्या दाराची कडी ओढत होती. दाराला ज्वारीची पोती लावून ठेवलेली. ती दुसऱ्या हाताने पोतं ओढत होती. दाजी बोलायचे थांबले.

पुढच्या दारात पहिला गडी आला. त्याने वहाणा काढल्या, कोयता वहाणांशेजारी ठेवला आणि म्हणाला, "आवं पाळकसाहेब, उशीर झाला बगा. मुकादमानं ट्रॅक्टरच सोडला न्हाई. कमानीचा ऊस आणलाय, कुटं ठिवू?"

शेजारच्या फडातली माणसं ती. आमच्या देवळाच्या वेदीवर सणाला उसाची कमान असते, आणि ती कमान हीच माणसं बांधतात. ती देवळात येणारी माणसं नव्हेत, पण ऊस त्यांचा.

मी मागे धावले. "अगं, ऊस आहे. आपला ऊस आहे. सणाचा." ती माझ्याकडे बघत होती, पण तिला ऐकू जात नव्हतं. मी तिचा हात पोत्यावरून सोडवला. पोरं रडायला लागली.

"पोरीला काय झालं?" त्या गड्यानं विचारलं. मी दोन वाक्यांत सांगितलं. तो तसाच बाहेर जाऊन ओरडला, "समद्यांचं कोयतं गोळा करा रं! तकडं लांब, ट्रॅक्टरात टाका." परत येऊन तो दाराबाहेरूनच म्हणाला, "ताई, भ्याचं न्हाई. आमच्या आज्यापास्नं ही कमान आमीच बांदतोय. तू बस, आमी भाईर हाय."

मग ती खाली बसली आणि रडली. बायका भोवती बसल्या. मीही रडले, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. तिने भीती धरून ठेवली होती ती पहिल्यांदा चार लोकांत बाहेर आली, आणि बाहेर आल्यावर तिला भेटला तो ऊस.

दाजींचं भाषण राहून गेलं. परतताना गाडीत त्यांनी तिला विचारलं, तिने सांगितलं, मला सांगितलं होतं त्यापेक्षाही थोडक्यात. कडेगाव मागे पडल्यावर दाजी आक्काला म्हणाले, "आणि मी तिला चप्पल काढायला लावली." दुसऱ्या दिवशी चांदणी गच्चीवरून त्यांच्या बाल्कनीत आली. तिथून ती रस्त्यावरून जास्त छान दिसते, असं ते आता सर्वांना सांगतात. छळ हा शब्द मात्र मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

यंदाच्या सणाला तिची आई आली होती. लहानखुरी बाई, मराठीचा एक शब्द येत नाही, सारखी हसते. कमान आधीच बांधून झाली होती. मुलीने दाराशी चपला काढल्या, आईच्याही काढायला लावल्या आणि त्या सगळ्यांच्या ढिगात ठेवून ती आत गेली. दोघी पुढे बसल्या. मागच्या दाराला पोती लावलेली होती, तिकडे कुणी बघितलं नाही.

उपासना सुटल्यावर आईच्या चपला सापडेनात. कुणीतरी आपल्या समजून घालून गेलं होतं. दाजी वाकून ढीग उपसत होते, भलत्याच चपला दाखवत होते, "या का? या?" आई मान हलवून हसत होती. शेवटी तिने लुगडं जरा वर धरलं आणि लेकीचा हात धरून, दुखऱ्या गुडघ्यांनी, अनवाणी, सावकाश गाडीपर्यंत चालत गेली.