परातींच्या उजेडाचे फोटो

लग्नकार्याला भांडी भाड्यानं देणाऱ्या बिछायत केंद्राच्या पराती घासायचं काम आई घरीच आणते. अकोल्यातल्या आमच्या अंगणात धुतलेल्या पराती खाटेला टेकवून उभ्या केल्या, की समोरच्या भिंतीवर उजेडाचे गोल पडतात. वाऱ्यानं एखादी परात डुलली की भिंतीतून पाणी वाहतंय असं वाटतं. लहानपणी मी त्यावर हात ठेवून पाहायची. भिंत कोरडीच असायची.

कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिलीच. मागच्या हिवाळ्यात अमरावतीच्या होस्टेलवरून दोन दिवस घरी आले, तेव्हा सोबत कॉलेजचा कॅमेरा होता. शटर थोडा जास्त वेळ उघडं ठेवायचं आणि तेवढ्यात कॅमेरा हलवायचा, असं फोटोग्राफीच्या सरांनी शिकवलं होतं. मग वस्तू विरघळते, फक्त रंग आणि उजेड उरतो. उन्हं कलल्यावर मी त्या भिंतीचे फोटो काढत बसले. आई मध्ये आली, पदर सारखा करून, श्वास धरून उभी राहिली. मी तिचाही तसाच फोटो काढला. तिची हिरवी साडी एक लांब लाट झाली होती, आणि भोवती पिवळे धागे. मला तो फार आवडला.

आईनं तो पाहिला, मग माझ्या हाताकडे पाहिलं. जेवताना माझ्या ताटात दुसरी भाकर पडली, मग तिसरी.

सकाळी ती बाबांना सांगत होती, "पोरीचा हात थरथर कापून राहिला. फोटोत तोंडच नाई आलं मायं. होस्टेलात खातपित नसन. आता अमरावती पुरे झालं, इथंच नाव घालू."

मी घाबरले. "मी मुद्दाम हलवला वो आई."

"मुद्दाम कोणी फोटो खराब करते का वं? हे सुई ओव बरं."

मी एका झटक्यात ओवली.

"सुईपुरता थिर राहते हात. मले नोको शिकवू."

अमूर्त, प्रकाश, गती असे पुस्तकातले शब्द मी वापरून पाहिले. तिच्यापुढे ते मलाच खोटे वाटू लागले. शेवटी उन्हं कलल्यावर कॅमेऱ्याचा पट्टा तिच्या गळ्यात अडकवला, तिचं बोट बटणावर ठेवलं. म्हटलं, "परात घासते ना, तसा गोल फिरव."

तिनं भिंतीसमोर उभं राहून फिरवला. एकाच सवयीच्या, भक्कम वेढ्यात. कॅमेऱ्याच्या पडद्यावर उजेडाचं एक कडं उमटलं, कुठेही न तुटलेलं. मला तसं कधीच जमलं नव्हतं.

ती बराच वेळ पाहत राहिली. मग स्वतःचा हात समोर धरून पाहिला.

"माया तं नाई कापत."

"माझाही नाही."

बाबा दारातून म्हणाले, "झालं का डॉक्टरीनबाईचं तपासणं?"

"तुमी गप बसा," आई म्हणाली. मग माझ्याकडे न पाहता, "जाय उद्या. पण दोन वेळा जेवत जाय, नाईतं मी येईन तिथं."

मी कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला. तिनं दिला नाही. ती परातींकडे वळली, एक परात पायानं जराशी तिरपी केली, आणि भिंतीवरचा उजेड जागा बदलून थांबेपर्यंत वाट पाहू लागली.