चाकाला कान लावणारे काका

साखर पेठेत माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात एक म्हातारे गृहस्थ रोज सकाळी येऊन बाकावर बसायचे. एकटेच राहतात, जन्मभर उपग्रहांवर संशोधन करून रिटायर झालेत, एवढंच चहावाल्याकडून कळलं होतं. नाव मी कधी विचारलं नाही.

मी चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला की ते उठायचे, चाक हातानं फिरवायचे आणि डोळे मिटून कान लावायचे. एकदा गिऱ्हाइकासमोरच म्हणाले, "आत बेअरिंगचा छर्रा फुटलाय."

माझं डोकंच फिरलं. "काका, सायकल न्हाय, काम न्हाय. मग रोज हितं कशाला येता?"

ते रागावले नाहीत. फिरतं चाक तळहातानं थांबवून म्हणाले, "उपग्रहातही चाक असतं. वर धरायला काहीच नसतं ना! बाहेरून धक्का बसला की चाक वेग वाढवून तो पोटात घेतं, म्हणून उपग्रह तोंड फिरवत नाही. पण घेऊन घेऊन चाक भरतं, वेग आणखी वाढत नाही. मग थोडं बाहेर सोडावं लागतं." त्यांनी चाकावरचा हात काढला. "घरी कुणापाशी सोडणार? म्हणून येतो की."

गिऱ्हाईक हसलं. मीही हसलो.

ते गेल्यावर मी चाक उघडलं. छर्रा खरंच फुटलेला होता.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. नंतरही कधी आले नाहीत. आता चाक तयार झालं की मी डोळे मिटून कान लावतो, आणि मग बाकाकडं बघतो.