वन्सं आणि पात्रता फेरी

माझ्या वन्सं, म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, बेकरीत कामाला आहेत. पहाटे भट्टी पेटते तेव्हा त्या हजर असतात आणि दुपार व्हायच्या आत मोकळ्या होतात. दुसरं कुणी असतं तर घरी जाऊन झोपलं असतं. वन्सं टेनिस बघायला जातात. क्लबच्या कँटीनला पाव पोचवायला एकदा गेल्या, कोर्टाशेजारच्या बाकावर जरा टेकल्या, त्या आजतागायत टेकलेल्याच आहेत.

टीव्हीवरचं टेनिस नव्हे. त्याच्या कितीतरी पायऱ्या खालच्या स्पर्धा. तिथे खेळाडू आपले कपडे आपणच बेसिनमध्ये धुतात, चेंडूही आपणच वेचून आणतात, आणि तिकीट नसूनही बाक रिकामे असतात. त्यातही वन्संचा जीव पात्रता फेरीवर, म्हणजे मुख्य स्पर्धेत शिरायला आधी जे सामने जिंकावे लागतात त्यांच्यावर. बाहेरगावी स्पर्धा असली तर बसने जातात. नाही जमलं तर मोबाइलवर नुसते बदलणारे आकडे बघत बसतात.

"ताई, तुझी ती डावरी टीव्हीवर कधी दिसायची?" हे चिडवतात.

"टीव्हीवरच्यांना तुझी टाळी ऐकू जाते का रे? हिला माझी जाते."

डावरी ही वन्संची लाडकी खेळाडू. नाव त्यांना ठाऊक आहे, पण आमच्या घरात ती डावरीच. चार वर्षं वन्सं तिचे सामने बघतायत, पण तिच्याशी कधी बोलल्या नव्हत्या. खेळणाऱ्याला त्रास द्यायचा नाही, टाळी दोघींनाही वाजवायची आणि बाकावर बसल्यावर तोंड उघडायचं नाही, असा त्यांचा नेम.

यंदा कँटीनवाल्याने बातमी दिली. डावरीचं म्हणे हे शेवटचं. या वेळी मुख्य स्पर्धेत जागा नाही मिळाली तर खेळ सोडून ती बहिणीच्या दुकानात बसणार होती. वन्संना जेवण जाईना, म्हणून पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्याला मी सोबत गेले. निघताना देवापुढे उभी राहिले, पण मागावं काय ते कळेना. डावरीला जिंकव म्हणावं, तर समोरची पोरही कुणाची तरी लेकच. शेवटी 'दोघींना सांभाळ' म्हटलं आणि चपला घातल्या.

सामना अगदी कडेच्या कोर्टावर होता. पंच एकच, तोही सगळ्या कोर्टांवर फिरता. चेंडू आत की बाहेर, हे ज्या मुलीच्या बाजूला तो पडेल तिनेच सांगायचं. दोघींनी एकेक सेट घेतला आणि शेवटचा टायब्रेक अगदी बरोबरीत आला. डावरीने जीव खाऊन फटका मारला. चेंडू पलीकडच्या रेषेपाशी पडला आणि वन्संच्या तोंडून हळहळत निघून गेलं, "आउट."

डावरीला वाटलं, समोरचीच म्हणाली. तिने रॅकेट खाली केली. चेंडू तर रेषेवर, म्हणजे आतच पडला होता. समोरचीने तो परतवला आणि तो डावरीच्या बाजूने सुटून गेला. पंचाला बोलावलं. प्रेक्षक काही बोलले म्हणून गुण पुन्हा खेळवता येत नाही, म्हणाला. पुढचा गुणही गेला आणि त्याबरोबर सामना.

घरी आल्यावर वन्सं म्हणाल्या, "मी आता नाही जायची तिथे. कुठल्या तोंडाने बसू?"

"पण तिला सांगायला हवं ना, वन्सं?"

"सांगायचं काय त्यात? बाकावर आपण दोघीच तर होतो, तिला कळलंच असेल."

"मग तिला वाटेल, मीच बोलले."

हे मात्र त्यांना सोसवलं नाही. दुसऱ्या दिवशी बेकरीतून त्या थेट मला घ्यायला आल्या, हातात कागदात गुंडाळलेला पाव.

डावरी क्लबच्या ऑफिसच्या पायरीवर बॅग घेऊन बसली होती. मुख्य स्पर्धेतून कुणी आयत्या वेळी गळलं, तर पात्रता फेरीत हरलेल्यांतून एकीला घेतात. त्यासाठी नाव देऊन ती थांबली होती.

"काल आउट म्हणाले ती मी," वन्सं म्हणाल्या.

"माहितीये, मावशी. खूप राग आला होता तुमचा."

"येणारच गं."

"पण त्याच्या आधी दोनदा सर्व्हिस जाळ्यात घातली, ती काही तुम्ही नाही घातलीत." ती बाजूला सरकली. "इतकी वर्षं येता. आवाज पहिल्यांदा ऐकला, तोही असला."

वन्सं डोळे पुसत हसल्या. "पाव खा. आजचा आहे."

तिने तुकडा तोडला असेल-नसेल, आतून ऑफिसातले गृहस्थ आले. कुणा मुलीचा पाय मुरगळला होता. "खेळशील ना?" त्यांनी विचारलं. घास तोंडात, त्यामुळे डावरीने नुसती मान हलवली. मला इतका आनंद झाला की त्या मुरगळलेल्या पायाची आठवण व्हायला जरा वेळच लागला. मग त्या पायासाठीही देवाला हात जोडले.

"चल, निघू या आपण," वन्सं मला म्हणाल्या.

डावरी कोर्टाच्या फाटकातून मागे वळली. "मावशी, बाक रिकामा ठेवणार का?"

"नको गं. माझ्या तोंडाचा भरवसा नाही."

"मग तोंडात पाव धरा. पण या."

वन्सं सामन्याला गेल्या. तो सामना डावरीने जिंकला. पुढच्या फेरीत हरली, पण बहिणीला तिने फोन करून सांगितलं की दुकानात तूर्त दुसरं कुणीतरी बघ. पुढच्या स्पर्धेचं गाव लांब आहे, मुक्काम करावा लागेल. वन्संनी बेकरीच्या मालकाकडे रजा मागितलीय आणि तो नाही म्हणालेला नाही.