टाकीएवढाच वाढतो

लिफ्टदादांनी मासा खाल्ला, असं छातीठोकपणे सांगणारे गल्लीत चार जण तरी आहेत. पाचवा म्हणतो, विकला. समोरच्या गॅलरीतली बाई म्हणते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण त्या बाईने आजवर इतकं काही डोळ्यांनी पाहिलंय, की तिच्या नाकावर चष्मा नसून दुर्बीणच असावी. लोकांच्या जिभेला हाड नसतं. माशाला मात्र असतं, आणि ही गोष्ट त्या हाडाचीच आहे.

लिफ्टदादा म्हणजे मोठ्या दवाखान्यातले लिफ्टमन. बावीस वर्षं एकाच स्टुलावर. लिफ्ट जुनी, बटणांची नव्हे, दांड्याची. दांडा ओढायचा, नेमक्या क्षणी सोडायचा आणि लिफ्टची फरशी मजल्याच्या फरशीला अशी भिडवायची की स्ट्रेचरचं चाकसुद्धा अडखळू नये. त्या कामात दादांचा हात धरणारा कोणी नव्हता.

तळमजल्यावर दार उघडलं की समोर रंगीत माशांची काचेची टाकी दिसायची. दिवसातून शंभरदा दार उघडायचं आणि शंभरदा मासे नव्या जागी असायचे. दादांच्या दिवसात तेवढीच एक गोष्ट बदलायची. मग एकदा ती टाकी हलवली आणि तिथे औषधांचं दुकान आलं. दादा आठवडाभर घरी मूग गिळून बसले. आठव्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत पाणी आणि पाण्यात बोटभर मासा घेऊन आले. काळी पाठ, पांढरं पोट, लाल शेपूट आणि तोंडाला सहा मिशा.

"केवढा होतो हा?" बायकोने विचारलं. ती घरी बसून दवाखान्याच्याच उशांचे अभ्रे शिवायची. दीड खोलीत खाट, शिलाई मशीन आणि कापडाचे गठ्ठे. वीतभर जागासुद्धा तिला विचारल्याशिवाय कोणाला मिळत नसे.

"दुकानदार म्हणाला, टाकीएवढाच वाढतो."

"आणि टाकी केवढी?"

"चार फुटी सांगून आलोय."

बायकोने खाटेकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि गठ्ठे खाटेखाली ढकलले. नवऱ्याने अख्ख्या संसारात स्वतःसाठी मागितलेली ती पहिलीच वस्तू होती.

सोबतीला म्हणून दादांनी टाकीत बारा चिमुकले मासे सोडले. दुसऱ्या दिवशी नऊ उरले.

"लपले असतील," दादा म्हणाले.

"हो, याच्या पोटात." तिने मशीनचं चाक फिरवलं. "कोपऱ्यात बसतो, मिशा हलवतो, पुढ्यात येईल ते गिळतो आणि कोणाशी बोलत नाही. माझे सासरेच परत आलेत."

तेव्हापासून माशाचं नाव मामंजी. आठवड्यात ते टाकीत एकटेच राहिले.

मामंजींचा खुराक यायचा धाकटीकडून. धाकटी म्हणजे दादांची मेहुणी, बाजारात मासळी विकायची. कोयत्याची धार बरी, पण जीभ नको, अशी तिची ख्याती. कापून उरलेले तुकडे ती दादांसाठी बाजूला ठेवायची, पण फुकट काही द्यायची नाही. टोमणा घेतल्याशिवाय पिशवी हातात पडत नसे.

"दाजी, ताईला कधी बागेपर्यंत फिरायला नेलं नाहीत. याच्यासाठी मात्र रोज बाजार. सांगा, किलोने देता का नगावर?"

"तू तुझ्या टोपलीकडे बघ."

"टोपलीकडेच बघतेय. मावेल का याचा विचार करतेय."

खरं सांगायचं तर मासा दादांना ओळखायचा. जिन्यात त्यांची चप्पल वाजली की काचेशी यायचा. पाण्यात हात घातला की तळव्याखाली डोकं आणून ठेवायचा आणि मिशा मनगटावर टेकवायचा. चारशे माणसं रोज वर-खाली करणाऱ्या दादांना इतक्या आपुलकीने कोणी भेटत नव्हतं, बायको धरून. ती बिचारी बोलायची पुष्कळ, पण मान मशीनवर.

तिसऱ्या वर्षी मासा दोन फुटांचा झाला. टाकी लांबीला चार फूट, पण रुंदीला दीडच. दादा दिवसभर लिफ्टमध्ये. टाकीसमोर दिवस काढायची बायको.

"अहो, त्याला वळता येत नाही."

"वळतो की."

"वळत नाही. दुमडतो."

दादांनी एकदा, ती पाणी भरायला गेल्यावर, तिच्या मशीनच्या खणातली टेप काढून काचेला लावली. मोजलं आणि टेप होती तशी गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवसापासून खुराक अर्धा झाला. वाढ थांबवायची तर पोट मारायचं, हे त्यांचं स्वतःचं शास्त्र. घरात याचा पत्ता नव्हता. बाजारात मात्र लागला.

"दाजी, हल्ली अर्धंच नेता?"

"भूक कमी झालीय त्याची."

"याची भूक? मासळीत जन्म गेला माझा. भूक त्याची नाही, अक्कल तुमची कमी झालीय."

मग दादांनी जागा शोधायला सुरुवात केली. ज्याने मासा विकला तो दुकानदार म्हणाला, "टाकीएवढाच वाढतो? असं मी छोट्या माशांबद्दल म्हणालो असेन." सरकारी मत्स्यालयात आधीच पाच होते, पाचही असेच कोणी ना कोणी आणून टाकलेले. राहिलं गावाबाहेरचं तळं. ते नाव काढताच धाकटीने कोयता खाली ठेवला.

"त्या तळ्यावर माझी टोपली चालते. हा वर्षभरात तळं साफ करेल. एका माशासाठी तीस घरांची चूल विझवाल का?"

यात थट्टा नव्हती. दादांनी तळं डोक्यातून काढून टाकलं.

आशा मिळाली ती लिफ्टमध्येच. चौथ्या मजल्यावर हाडांचे मोठे डॉक्टर बसायचे. खालून चौथ्यापर्यंत अर्धं मिनिट लागायचं आणि डॉक्टरांना अर्धं मिनिट गप्प राहवत नसे. दादांकडून माशाचं कळल्यावर ते म्हणाले, "मी घर बांधतोय. मागे पन्नास फुटांचं तळं खोदतोय. आणा तुमचा मासा. दोन महिने थांबा."

त्या संध्याकाळी दादा पिशवी भरून घेऊन आले. "दोनच महिने, मामंजी," म्हणत पोटभर चारलं. आता उपाशी ठेवायचं कारण उरलं नव्हतं. तिथेच घात झाला. इतके दिवस अडवून धरलेली वाढ अशी सुटली की आठवड्याला फरक दिसावा.

दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "होतंय, होतंय." तिसऱ्या महिन्यात, "गवंडी मिळत नाहीत हो." चौथ्यात नुसतेच हसले. तोवर माशाचं दुमडणंही बंद झालं होतं. एका कोपऱ्यात नाक, दुसऱ्यात वळलेली शेपूट, मधलं अंग काचेला टेकलेलं. नाकावरची कातडी घासून पांढरी पडली होती. पाचव्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, "अहो, ते तळं रद्द. आमच्या घरी डास नको म्हणतात. हिरवळ केली. छान दिसते."

दादांनी दांडा सोडला. लिफ्ट चौथ्या मजल्याला बिनचूक भिडली.

त्यानंतर दहा दिवस माशाने खाल्लं नाही. तो कुशीवर पडून राहिला. दादा घरी आले की एक मिशी हलायची, तेवढंच. अकराव्या दिवशी बायकोने मशीन थांबवलं.

"धाकटीला बोलावू?"

दादांनी काचेवरचा डाग अंगठ्याने पुसला. मग म्हणाले, "ती हसेल."

"हसू दे."

धाकटी रविवारी दुपारी आली. टोपली, कोयता, लाकडी मोगरी. टाकीसमोर उभी राहिली आणि हसली नाही.

"दाजी, तुम्ही खाली जाऊन या. चहा पिऊन या."

"माझ्याशिवाय तो हाताला लागायचा नाही."

ते खरं होतं. दादांनी बाह्या सारल्या आणि हात पाण्यात घातला. कुशीवर पडलेला मासा कसाबसा सरळ झाला आणि त्याने डोकं तळव्याखाली आणून ठेवलं. मिशा मनगटाला लागल्या. दादांनी ओली चादर खालून घेतली, एक टोक बायकोने धरलं, आणि दोघांनी त्याला फरशीवर उतरवलं. धाकटीने एकच घाव घातला. दुसरा लागला नाही. मिशा तेवढ्या थोडा वेळ हलत राहिल्या.

"उघड त्याला," दादा म्हणाले.

"कशाला?"

"मला बघायचंय."

धाकटीने ताईकडे पाहिलं. ताईने मान हलवली. पोटात मूठभर गोटे निघाले आणि टाकीतली तापमापी काचेला चिकटवायची रबरी वाटी, जी दादा दोन वर्षं शोधत होते. मग धाकटीने मांस बाजूला करून कण्यावरून अंगठा फिरवला. हजारो माशांवरून फिरलेला तो अंगठा मध्येच थांबला, पुढे गेला, पुन्हा थांबला. कणा पट्टीसारखा सरळ असायला हवा. याचा दोन ठिकाणी वाकला होता, आणि वाकलेल्या जागी हाड जाड होऊन तसंच घट्ट बसलं होतं.

"हे आजचं नाही, दाजी. वर्षा-दोन वर्षांचं आहे."

"दुखत असेल?"

धाकटीने कोयता पुसला. कुठलाही मासा हातात धरून छटाकापर्यंत वजन सांगणारी ती बाई, तिने वजन सांगितलं नाही. मासा प्लास्टिकमध्ये गुंडाळला, टोपलीत ठेवला, टोपली डोक्यावर घेतली आणि जिना उतरली. समोरच्या बाईने पाहिलं ते एवढंच. पुढे टोपलीचं काय झालं ते धाकटीने सांगितलं नाही, या दोघांनी विचारलं नाही. पण त्यानंतर तिने दाजींना किलोचा भाव कधी विचारला नाही, आणि दादाही बाजारातल्या त्या वाटेने गेले नाहीत.

टाकी अजून तिथेच आहे. कोरडी करून बायको तिच्यात शिवलेले अभ्रे रचते. घडी बरोबर बसते म्हणते.

महिनाभराने हाडांचे डॉक्टर लिफ्टमध्ये शिरले. अर्धं मिनिट होतंच.

"काय म्हणतोय तुमचा मासा? वाढला असेल ना बराच?"

"नाही साहेब," दादा दांड्याकडे बघत म्हणाले. "टाकीएवढाच वाढतो."

चौथा मजला आला. लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खालीच थांबली आणि बाहेर पडताना डॉक्टर असे ठेचकाळले की चष्मा लांब जाऊन पडला. बावीस वर्षांत पहिल्यांदा दादांचा हात चुकला, असं दवाखान्यात सगळे म्हणतात. लोकांचं काय, लोक काहीही म्हणतात.